गाण्याचं खरेदीखत

मुलांनो, मागच्या कॉलवर तुम्ही विचारलंत की आजी या वयात परत शिकायला का लागली. तेवढ्यात कॉल तुटला आणि उत्तर राहून गेलं, म्हणून ते इथे लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत माझ्या चुकीला 'ड्राफ्टिंग एरर' असं सुटसुटीत नाव मिळतं आणि मग ती कुणाचीच राहत नाही. मला ती माझी म्हणूनच सांगायची आहे. बाबाकडून वाचून घ्या.

मी जन्मभर जमिनीची वकील. वाटण्या, बांध, विहिरीचा हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, याच माझ्या फायली. तुमचे आजोबा गेल्यावर मी रोज कोर्टात जाणं थांबवलं. सनद मात्र ठेवली. मग मुंबईच्या एका संस्थेचा वकिलांसाठीचा अभ्यासक्रम दिसला, कॉपीराइट आणि मनोरंजन-व्यवसायाचा कायदा, दर शनिवारी चार ते सहा, घरबसल्या. जालन्यात मनोरंजनाचे दावे किती येणार! खरं कारण वेगळं होतं. शनिवारी चार वाजता कुणीतरी हजेरीत माझं नाव घेणार होतं.

मी वही, दोन पेनं, पाण्याचा तांब्या घेऊन पावणेचारलाच बसायचे. साडी इस्त्रीची नेसायचे, कारण माझा कॅमेरा सुरू असायचा. बाकी सगळ्यांचे बंद. काळ्या चौकोनांत नुसती नावं. पहिल्या तासाला शिकवणाऱ्या बाईंनी भौगोलिक मानांकन समजावताना जालन्याच्या मोसंबीचं उदाहरण दिलं. मी माईक सुरू करून म्हणाले, "मी जालन्यातूनच बोलतेय." थोड्या वेळाने पडद्यावर सूचना आली, की सर्वांनी माईक बंद ठेवावेत.

आठवड्यात घरी येणारं माणूस एकच. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. मी त्यांना भाई म्हणते, ते मला वकीलबाई. जुम्म्याची नमाज आटोपली की अडीचच्या सुमारास त्यांची स्कूटर फाटकाशी थांबते, म्हणजे थांबायची. व्हरांड्यात चहा, वीस मिनिटं गप्पा, की निघाले. आजोबा गेले तेव्हा भेटायला आले होते, त्यानंतर एकही शुक्रवार चुकला नाही.

भाई गाणी जुळवतात. आपल्याकडे बियाण्यांच्या कंपन्या पुष्कळ. पेरणीच्या आधी त्यांचे टेम्पो भोंगे लावून गावोगाव फिरतात, मंठ्याचा बाजार, राजूरची चतुर्थी, काही सोडत नाहीत. त्या भोंग्यांवर कित्येक वर्षं भाईंचा आवाज होता. त्यांचं एक गाणं तर लहान पोरंही म्हणायची:

पेरो तो ऐसा पेरो भाई,
बांधावरला विचारंल, बी कुठलं हाय, भाई?

एका शुक्रवारी त्यांनी खिशातून पत्र काढलं. इंग्रजी होतं. ते गाणं ज्या कंपनीसाठी केलं होतं ती एका मोठ्या कंपनीने घेतली होती. नव्या मालकांनी गाणं दुसऱ्याच गायकाकडून नव्याने गाऊन घेतलं होतं आणि भाईंचं नाव कुठेच नव्हतं. त्यात भाईंच्या सुनेने, ते स्वतः गातानाचा व्हिडिओ मोबाइलवरून टाकला. पत्रात लिहिलं होतं की तो काढा आणि हे गाणं लोकांसमोर गाऊ नका.

"पैशाचं न्हाई हो," भाई म्हणाले. "पुढच्या महिन्यात नातीचं लगीन हाय. ती म्हणती, दादा, तेच गा. मंग गाऊ का नको, येवढंच सांगा."

"कागद बघते," मी म्हणाले.

कागद माझ्याच कपाटात होता, कारण लिहिला मीच होता. बारा-तेरा वर्षांपूर्वी कंपनीचा मॅनेजर आणि भाई एकाच दिवशी माझ्याकडे आले होते. आमच्याकडची रीतच तशी. जमिनीचा व्यवहार असला की घेणारा नि देणारा एकाच वकिलासमोर बसतात आणि तोच दोघांचा कागद लिहितो. गाण्याचा नमुना माझ्याकडे नव्हता, मी शेतीच्या खरेदीखताचा नमुना घेतला. गट नंबरच्या जागी गाण्याची पहिली ओळ घातली. 'झाड-झाडोरा, दगड-माती, विहीर-पाण्यासह'च्या जागी 'चाल, शब्द व आवाजासह' लिहिलं. पुढचं जसंच्या तसं: कायमचे, वंशपरंपरा, माझा अगर माझ्या वारसांचा कसलाही हक्क राहिलेला नाही. तेव्हा मला तो कागद फार नीटनेटका वाटला होता.

नेमका त्याच आठवड्याचा गृहपाठ होता, पाहण्यातला एखादा करार नावं झाकून वर्गात आणा. मी तोच नेला. बाईंनी तो पडद्यावर मोठा करून वाचला.

"ज्यांनी लिहिलाय त्यांनी काही म्हणजे काही सोडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "करारात मुदतच लिहिली नसती तर कायद्याने ती पाच वर्षं धरली असती आणि गाणं कवीकडे परत आलं असतं. इथे 'कायमचे' हा शब्द घालून ती वाट बंद केलीय. कुणी ड्राफ्ट केलंय हे, मॅम?"

मी माईक सुरू केला. "आमच्याकडचे एक म्हातारे वकील आहेत."

पडद्यावर हसऱ्या चेहऱ्यांचे इमोजी आले. एका काळ्या चौकोनाने लिहिलं, 'सातबारा पण जोडला असेल.' मीही हसले. माझा कॅमेरा सुरू होता ना.

पुढचे सहा दिवस मी त्या कागदातून वाट शोधली. थोडी सापडली. गाणं विकलं तरी कवी म्हणून नाव मागण्याचा हक्क विकला जात नाही. मानधनाचा काही वाटाही कायद्याने राखलेला आहे. पण भाईंना नाव नको होतं, वाटा नको होता. त्यांना लग्नात गायचं होतं. लग्नातल्या गाण्याला कायद्यात सूट आहे, पण मी लिहिलेल्या 'आवाजासह' या शब्दावर कंपनी तीही अडवू शकत होती. त्यासाठी आख्खा कागदच कोर्टापुढे नेऊन भाईंना म्हणावं लागणार होतं, की मला हा समजावून न सांगता सही घेतली. आणि समजावून सांगायचं काम माझं होतं.

शुक्रवारी भाई आले. एक घोट घेऊन म्हणाले, "आज चहात साखर जादा दिसती. कायतरी वाईट सांगनार तुमी."

मी सगळं सांगितलं. नमुना कुठला वापरला, 'कायमचे' कुणी लिहिलं, तेही.

त्यांनी कप बाजूला सारला. "म्हंजे मी वावर विकल्यावानी विकलं."

"हो."

"तुमीच लिवलं ना? मंग तुमीच खोडा की."

"मला खोडता येत नाही. दावा करावा लागेल, आणि दुसरा वकील करा. मला साक्षीदार म्हणून उभं राहावं लागेल. तुम्ही कोर्टात सांगायचं, वकीलबाईंनी मला काही समजावलं नाही."

"असं बोलू मी? तुमच्या तोंडावर?"

"मी समजावलं नव्हतं, भाई. मॅनेजरला गाडी पकडायची घाई होती आणि मला नमुना जमल्याचा आनंद."

"घाई तर मलाबी होती," ते म्हणाले. मग उठले. बाकी चहा तसाच होता. मी कागदाची प्रत आणि माझं प्रतिज्ञापत्र एका पाकिटात घालून दिलं. त्या प्रतिज्ञापत्रात मी एकही पळवाट ठेवली नाही. पाकीट त्यांनी शर्टाच्या आत ठेवलं. दरवेळी 'येतो, वकीलबाई' म्हणायचे, त्या दिवशी नुसतीच मान हलवली.

लग्नात ते गायले नाहीत. दावा दाखल झाला आहे. त्यांच्या नव्या वकिलाने मला फोन केला. तरुण मुलगी आहे, फार अदबीने बोलली. "मॅडम, तुम्ही आमच्या साक्षीदार. निकाल लागेपर्यंत भाईंशी भेटगाठ नको, समोरचे म्हणतील की ठरवून केलं. राग नका मानू."

राग कसला मानायचा? तिच्या जागी मी असते तर हेच सांगितलं असतं, तेही फोनवर नाही, लेखी.

अभ्यासक्रम पुरा झाला. प्रमाणपत्र ईमेलने आलं, ते छापून फाइलला लावलं आहे. शुक्रवारी अडीचच्या सुमारास स्कूटर अजून याच गल्लीतून जाते. फाटकाशी ती हळू होते. तेव्हा मी व्हरांड्यात थांबत नाही, आतल्या खोलीत जाऊन बसते. मी दिसले तर त्यांना थांबावंसं वाटेल, आणि त्यांनी थांबणं त्यांच्या गाण्याला परवडणार नाही.