सुट्टीची सवारी

टेंभुर्णीहून जाफराबादला जीप चालवणारे चाचा एरवी खाकी शर्टात असतात. जीप कितीही भरली तरी त्यांचं एकच पालुपद, "सरका थोडं, अजून एक बसतं!" शाळेत शिकवायला मी रोज त्यांच्याच जीपमधून अंग चोरून जाते.

त्या रविवारी संभाजीनगरच्या एसटीत मी त्यांना ओळखलंच नाही. फुलाफुलांचा शर्ट, जीन्स, काळा गॉगल! शेजारी चाची, बुरख्याखाली पांढरेशुभ्र नवे बूट.

"आज मी ड्रायवर न्हाई मॅडम, सवारी हाये! मकबरा बघायचा, मॉलात फिरायचं, आइस्क्रीम खायचं. बिलकुल आराम!"

खिडकीची जागा त्यांनी खालूनच रुमाल टाकून धरली होती. पण गाडी वळली की त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधायचा आणि चाची त्यांच्या गुडघ्यावर चापट मारायची.

भोकरदनला स्टँडवर गर्दी दिसली आणि चाचांना राहवलं नाही. खिडकीतून हाळी सुरू झाली, "संभाजीनगर, संभाजीनगर! चला जल्दी, जागा हाये!"

माणसं धावली, गाडी गच्च भरली. एक म्हातारी थेट त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कुठंय रे जागा?"

चाचा उठले. म्हातारी खिडकीशी बसली. गर्दीत फुलांचा शर्ट चुरगळू लागला, गॉगल नाकावर घसरला.

तेव्हा चाची म्हातारीला खेटून बसली, कडेला वीतभर जागा केली आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"या. अजून एक बसतं."