ज्येष्ठांच्या कट्ट्यावर ऊर्ध्वपातन

चहा येईपर्यंत एक फजिती सांगतो. माझीच आहे, तेव्हा हसताना कुणी संकोच करू नका. माझी बायको मीनल ही गोष्ट चारचौघांत सांगते आणि दर वेळी पदरचं थोडं घालते. म्हटलं, एकदा आपणच खरी काय ती सांगून मोकळं व्हावं.

मी इथल्या एमआयडीसीत एका डिस्टिलरीत केमिस्ट आहे. साध्या मराठीत सांगायचं तर दारूच्या कारखान्यात. पण ही साधी मराठी आमच्या सासुरवाडीत चालत नाही. लग्न ठरलं तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सगळ्या भावकीला सांगितलं, ‘जावई केमिकल कंपनीत आहेत.’ त्यात खोटं काय आहे म्हणा? अल्कोहोल केमिकलच की. पण तेव्हापासून त्या घरात ‘दारू’ हा शब्द कधी निघालाच नाही. कामाची चौकशी करायची झाली तर अप्पा विचारतात, ‘काय म्हणतंय तुमचं ते... तिकडचं?’ मी सांगतो, ‘तिकडचं बरं चाललंय.’ संपला विषय.

आता गंमत अशी की मला व्यसन आहे ते दारूच्या गोष्टी सांगण्याचं. अल्कोहोल हा शब्द कुठून आला, माहीत आहे? अरबीतल्या ‘अल-कुहल’वरून. म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. बारीक वाटलेली पूड ती, पुढं कुठल्याही शुद्ध अर्काला तेच नाव पडलं, आणि शेवटी बाटलीला चिकटलं. व्हिस्की या शब्दाचा मूळ अर्थ ‘जीवनाचं पाणी’. रमचा जोर पाहायला म्हणे ती बंदुकीच्या दारूवर ओतून पेटवायचे. पेटली तर माल अस्सल. हे असलं मी लग्नाच्या पंगतीत सांगतो, न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगतो. ऐकायला मात्र कुणी थांबत नाही. न्हावी थांबतो, पण त्याचा नाइलाज असतो.

आणि अशात एके दिवशी अप्पांचा फोन आला.

अप्पा मुकुंदवाडीला राहतात, स्टेशनच्या जवळ. भूमी अभिलेख कचेरीतून रिटायर झाले आणि तिथल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याचे अध्यक्ष झाले. दत्तमंदिराच्या मागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी त्यांचा कार्यक्रम असतो.

“येत्या गुरुवारी तुम्हीच या,” अप्पा म्हणाले. “तुमच्या त्या तिकडच्या विषयावर बोला. थोडा इतिहास, थोड्या गमतीजमती.”

मी मोबाइल कानावरून काढून एकदा नाव तपासलं. अप्पाच होते.

“विषयाला नाव काय देऊ?” त्यांनी विचारलं.

डिस्टिलेशनला पुस्तकी मराठीत एक भारी शब्द आहे. द्रव तापवायचा, त्याची वाफ वर जाते, ती थंड करायची आणि पडणारे थेंब गोळा करायचे. ऊर्ध्व म्हणजे वर, मग खाली पातन.

“ऊर्ध्वपातन,” मी म्हणालो.

“ऊर्ध्वपातन,” अप्पांनी चवीनं म्हणून पाहिलं. “भारदस्त आहे. हे चालंल.”

पुढचे दिवस मी हवेत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला लोक बोलावून, खुर्च्या मांडून ऐकणार होते. मी तयारी केली, मीनलला समोर बसवून दोनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्यांदा ती भाजी निवडत होती, पण बसली होती.

गुरुवारी ड्यूटी सुटल्यावर थेट मुकुंदवाडी गाठली. हॉलच्या दारावर फ्लेक्स लावला होता. मोठ्या अक्षरांत ‘ऊर्ध्वपातन : एक प्राचीन विद्या’. आणि शेजारी चित्र. पद्मासनात बसलेला एक साधू, डोळे मिटलेले, आणि त्याच्या टाळूतून निघून थेट आभाळात जाणारा प्रकाशाचा झोत. खाली माझा फोटो. आमच्या लग्नातला, मुंडावळ्या अर्ध्या कापलेल्या. कपाळावर गंध तसंच होतं.

मी फ्लेक्स पुन्हा एकदा वाचला.

आत आरती संपत आली होती. धुपाचा धूर, टाळ, आणि हॉल गच्च भरलेला. मला पाहताच गायके काका लगबगीनं पुढं आले. हे अप्पांचे जुने मित्र, फुलंब्रीला शेती बघतात. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

“जावईबापू, या विषयाची लई दिवसांची तहान हाय. आज भागवा.”

आता सांगा, त्या फ्लेक्सखाली उभं राहून हे वाक्य ऐकल्यावर माणसानं काय समजावं?

मी अप्पांना कोपऱ्यात गाठलं. “अप्पा, लोकांना विषय काय म्हणून सांगितलाय?”

अप्पांनी एकदा गाभाऱ्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मंदिरात जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं. बाकी तुम्ही घ्या सांभाळून.”

झालं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. केमिकल कंपनीसारखंच पुन्हा. अप्पांनी लोकांना अध्यात्माचं व्याख्यान म्हणून जमवलंय. आता मी इथं उभा राहून व्हिस्की, रम म्हणालो तर या म्हाताऱ्या माणसाची सगळ्या कट्ट्यासमोर शोभा होईल. सासऱ्यांनी पहिल्यांदा विश्वासानं काही मागितलंय, ते राखायचं. छाती भरून आली हो माझी. मी ठरवलं, एकही शब्द खोटा बोलायचा नाही, पण एकही बाटली दिसू द्यायची नाही.

अप्पांनी ओळख करून दिली, “आमचे जावई त्या विषयातले अधिकारी आहेत,” आणि मी उभा राहिलो.

“ऊर्ध्व म्हणजे वर,” मी सुरुवात केली. “जे जड आहे ते तळाशी राहतं. जे हलकं आहे, शुद्ध आहे, ते वर जातं. पण त्यासाठी आधी तापावं लागतं.”

पहिल्या रांगेतले चार जण पुढं सरकून बसले. जमतंय, मला वाटलं.

“अरबीत अरक म्हणजे घाम,” मी म्हणालो. हे खरंच आहे. भांड्यावर थेंब घामासारखे जमतात म्हणून तो शब्द आला. “घाम गाळल्याशिवाय अर्क हाती येत नाही.”

पुढचं अवघड होतं. भट्टीतून पहिल्यांदा जे येतं ते घातक, ते टाकून द्यायचं. शेवटी येतं ते कडवट, तेही वेगळं काढायचं. मधलं तेवढं घ्यायचं. त्याला तिकडं ‘हृदय’ म्हणतात, ‘हार्ट’. मी ते असं मांडलं की सुरुवातीचा ताठा सोडा, शेवटची कटुता सोडा, मधलं हृदय तेवढं जपा.

सुमनताईंनी हात वर केला. या कट्ट्याच्या चिटणीस, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या.

“पहिलं का टाकायचं? त्यानं डोळे जातात म्हणतात, ते खरं का?”

“अगदी खरं, ताई,” मी म्हणालो. “अहंकारानं माणूस आंधळाच होतो.”

सुमनताई माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, अंतर्मुख झाल्या.

तुमच्या आलं असेल लक्षात. माझ्या नाही आलं. माझी गाडी सुटली होती.

“ते जन्मतः पाण्यासारखं नितळ असतं,” मी पुढं म्हणालो. व्हिस्कीबद्दल हे कुणालाच ठाऊक नसतं. भट्टीतून निघते तेव्हा तिला रंगच नसतो, तो सोनेरी रंग पुढं लाकडाच्या पिंपात मुरून येतो. “रंग येतो तो संगतीनं.”

गायके काका अर्धे उठले. “कशाच्या संगतीनं? नेमकं सांगा.”

“सज्जनांच्या.”

काका बसले. शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलले, आणि पुन्हा उठले. “बरं, किती वर्षं मुरवायचं?”

“आयुष्यभर, काका.”

“आयुष्यभर? मग घ्यायचं कधी माणसानं?”

“घेण्याची घाईच सोडायची,” मी म्हणालो, आणि माझ्याच उत्तरावर मला शहारा आला.

मागून कुणीतरी लांबलचक जांभई दिली. मी ती दीर्घ श्वास समजून घेतली.

पिंपात मुरत ठेवलेल्या मालातला काही भाग लाकडातून उडून जातो. विलायतेत त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. त्यांच्या थंडीत तो थोडका असतो. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात देवदूत चांगलेच हात मारतात. माझी सगळ्यात लाडकी गोष्ट आहे ही. मी ती अशी सांगितली: “आपण जे जमवतो त्यातला काही वाटा वर जातोच. त्याचं दुःख करू नये.”

“वा,” दारातून आवाज आला. मंदिराचे पुजारी उभे होते, हात जोडून.

त्या एका ‘वा’नं माझा घात केला. मी माइक खाली ठेवला आणि म्हणालो, “आता आपण प्रत्यक्ष करून पाहू. सगळ्यांनी डोळे मिटा. मनाला मंद आच द्या. विचारांची वाफ वर जाऊ द्या. थंड होऊ द्या. आता थेंब... थेंब... थेंब...”

मीही डोळे मिटले. काय शांतता होती. खुर्च्या किंचित सरकल्याचा आवाज आला, चपलांचा आला, पण एवढी माणसं म्हटल्यावर तेवढं होणारच. मला आतून फार प्रसन्न वाटत होतं. क्षणभर तर वाटलं की हे मला आधीच का सुचलं नाही, उगाच केमिस्ट्री केली.

डोळे उघडले तर मागच्या रांगा रिकाम्या होत्या. मधल्या रांगेत सुमनताई पर्स आवरत होत्या. पुढं अप्पा, झोपलेले दोन आजोबा आणि दारात पुजारी. बाकीचा कट्टा खिडकीतून दिसत होता, बाहेर चहाच्या गाडीपाशी.

आम्ही चालत घरी निघालो. अप्पा वाटेत काही बोलले नाहीत. मी समजलो, मन भरून आलं असेल, बोलतं करू नये.

मीनल माहेरीच येऊन थांबली होती. “कसं झालं?” तिनं दारातच विचारलं.

“लोक फार एकाग्र झाले होते,” मी नम्रपणे म्हणालो.

अप्पांनी टोपी काढली, खुंटीला अडकवली आणि खुर्चीत बसले. “मीनल, यांना गार पाणी दे. आणि मग विचार, यांना झालंय काय.”

“म्हणजे?”

“अहो, दर गुरुवारी आम्ही प्रवचनच ऐकतो,” अप्पा म्हणाले. “आत्मा ऐकून झाला, मोक्ष ऐकून झाला, मधुमेहसुद्धा दोनदा ऐकला. सगळे म्हणाले, अध्यक्ष, तुमचे जावई त्यातलेच आहेत, त्यांना बोलवा की. जरा गमतीचं ऐकू. सुमनताईंनी प्रश्न लिहून आणले होते. गायके फुलंब्रीहून एसटीनं आला होता, व्हिस्कीला रंग कुठनं येतो ते ऐकायला. त्याला तुम्ही सांगितलं, सज्जनांकडून.”

मी खाली बसलो. “त्यांना माहीत होतं? मी कुठं असतो ते?”

“अख्ख्या मुकुंदवाडीला माहीत आहे.”

“मग तो फ्लेक्स? तो साधू?”

“तो फ्लेक्सवाल्याचा उद्योग. ऊर्ध्वपातन वाचून त्याला वाटलं योगाचं काही आहे. मला म्हणतो, चाचा, फोटो फ्री में डाल दिया. आता मंदिराच्या दारावर मी काय बाटलीचं चित्र लावणार होतो?”

“पण तुम्हीच म्हणालात, सांभाळून घ्या.”

“म्हणजे शिव्या देऊ नका, एवढंच. आख्खी दारू गाळून टाका असं कुठं म्हणालो?”

त्या घरात तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आणि तोही अप्पांच्या तोंडून. मीनल पाण्याचा तांब्या हातात धरून भिंतीला टेकली होती. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

अप्पांनी तिच्या हातातला तांब्या घेऊन मला पाणी दिलं. मग खुर्ची माझ्याकडं ओढली. “बरं, आता मला सांगा. रंग कुठनं येतो?”

मग मी सांगितलं. आतून जाळलेली ओकची पिंपं, सुरमा, बंदुकीची दारू, देवदूत, सगळं. अप्पा मांडीवर हात मारून हसत होते, ‘असं का’, ‘अरे वा’ म्हणत होते. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एवढं कधी बोललो नव्हतो. लाडक्या जावयासारखं वाटायला लागलं मला.

तेवढ्यात अप्पांचा फोन वाजला. गायके काका. अप्पांना ऐकू कमी येतं, त्यामुळं त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो.

“अध्यक्ष, पोचले का घरी?” काकांचा आवाज काळजीचा होता. “इथं चहावर सगळे इचारून राहिलेत. जावईबापू कारखान्यातून तसेच आले होते का? नाय, म्हणजे, तिथं नमुना-बिमुना चाखावा लागत असंल. जरा जास्त झाली होती का त्यांना?”

मी ताडकन उठलो. मी म्हणजे नमुनासुद्धा हुंगून बाजूला ठेवणारा माणूस. काचेच्या पेल्याला ओठ लावायची वेळ आजवर आलेली नाही. मी अप्पांना जोरजोरानं हातवारे केले, नाही म्हणा, नाही म्हणा.

अप्पांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग फोन तोंडाजवळ नेला.

“व्हय,” ते म्हणाले. “बरीच झाली होती.”

फोन ठेवला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून समजुतीच्या सुरात म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. शुद्धीवर असताना असं बोलले म्हणून सांगितलं असतं, तर पोरीच्या काळजीनं लोक घरी आले असते.”