खाटेखालची शेगडी

लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. थंडीत बाळाला ऊब हवी, म्हणून मी तिच्या खोलीत गरम-गार हवेचा एसी बसवायला घेतला. मेकॅनिक पेठ तालुक्याकडचा, अबोल. पाइपाच्या भोकाभोवतीची फटही त्यानं अंगठ्यानं दाबून लिंपली. भिंतीवर थर्मोस्टॅट लावताना त्याला खाटेखालची पेटती शेगडी दिसली आणि त्याचा हात थांबला.

"ताई, आधी ही बाहेर न्या."

"अहो, बाळंतिणीला शेक नको का?"

"आमच्या घरी बी दार लावून ठेवली होती. धूर काहीच नव्हता. सकाळी बायको आन् पोरगी उठल्याच नाय."

मी शेगडी अंगणात नेऊन विझवली. त्यानं तापमान ठरवून दिलं. पाळण्याकडे एकदाही पाहिलं नाही. जाताना मात्र खिडकी बोटभर उघडून गेला. एसी चालू असला, तरी ती मी अजून लावलेली नाही.