बुधवारी मेलीच नाई

माझं हिंगणीले झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्मही भरून देते. लोक म्हणतात, रक्षाबाई फॉर्म भरते कमी अन् झापते जास्त. म्हणू दे. पण रुखमाच्या बाबतीत चूक माझीही होती, ते पह्यलेच सांगून टाकते.

रुखमा गोंडाघरची. वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजीनं जाते, मातीच्या पिशव्या भरते. वय शेहेचाळीस, दहावी पास. घरी ती अन् तिची माय सुकवारी, दोघीच. म्हातारी शुक्रवारी जन्मली म्हणून सुकवारी. चाळीस वर्सांआधी वासुदेवराव नावाचे एक लेखक नागपूरहून आलते, रेस्टहाऊसवर पंधरा दिवस राह्यले. त्यायले सारं जंगल दाखवलं ते सुकवारीनं. कोणती पायवाट कुठं निघते, कोणता पक्षी कवा ओरडते, सारं. ते गेले अन् कादंबरी लिहून मोकळे झाले. त्यात सुकवारीची केली बुधवारी. बोलणं तेच, चालणं तेच, कपाळावरचं गोंदणही तेच. अन् शेवटी भर उन्हाळ्यात नाल्यावर नेऊन वाघाच्या तोंडी देल्ली.

ते पुस्तक आमच्या वाचनालयात आलं मागल्या वर्सी. रुखमानं मायले वाचून दाखवलं. म्हातारी मजेत ऐकून राह्यलती, हसून राह्यलती. वाघ आला अन् गप्प झाली. दोन दिवस कोणाशी बोलली नाई. तिसऱ्या दिवशी म्हणे, "काऊन मारलं वं मले त्यानं? मी काय बिघडवलं होतं त्याचं?"

सांगा आता! काय उत्तर द्यावं माणसानं?

रुखमानं सरळ मोबाइल घेतला. गोष्टी टाकायचं एक ॲप आहे, त्याच्यावर पुढली गोष्ट लिहाले बसली. नाव ठेवलं, 'बुधवारी मेलीच नाई'. रुखमा म्हणे, उन्हाळ्यात त्या नाल्याले पाणीच नसते, मग वाघ तिथं कायले मराले येते? रुखमाची बुधवारी नुसत्या वाघाच्या भेवानं झाडावर चढली, मग रस्ता चुकली, डोंगर ओलांडून भलत्याच गावाले लागली, अन् तिथून घराकडं निघाली. दर इतवारी एक भाग. चोवीसशे लोक वाचाले लागले. त्यायचे निरोप रुखमा मायले वाचून दाखवे. "बुधवारीबाई, सांभाळून या," असं कोणी साताऱ्याहून लिहे, अन् म्हातारी इकडं बसून मान हलवे.

सुरवातीलेच रुखमानं मले विचारलं होतं, "रक्षाताई, पात्र त्यायचं आहे. असं लिहलं त चालते न?" मी ऐटीत सांगतलं, "खाली नाव टाक त्यायचं, झालं काम." कायद्यातलं मले ओ की ठो कळत नाई, पण अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालती मी.

एकतीस भाग झाले अन् ॲपवाल्यायचा संदेश आला. कोण्या वाचकानं तक्रार केलती. पात्र दुसऱ्याच्या पुस्तकातलं आहे, लेखकाची लेखी परवानगी आठ दिवसांत द्या, नाईतर सारे भाग काढून टाकू. फक्त शेवटचा भाग राह्यला होता, बुधवारीनं घरी पोचायचा.

रुखमा दुकानात येऊन रडली. मी म्हटलं, "नाव बदल वं. मंगळी कर, संपलं."

"मंगळी घरी आली त माझी माय जित्ती कशी होईल?" ती म्हणे. "ज्यायनं ते पुस्तक वाचलं, त्यायले कळलं पाह्यजे न ताई."

मग माझं डोकंच फिरलं. तिच्यासंगं तिच्या घरी गेली अन् म्हटलं, "त्या वासुदेवरावाले नोटीसच पाठवतो. पुस्तकात घेताना त्यानं तुमाले विचारलं होतं का, माय?"

सुकवारीमाय तांदूळ निवडून राह्यलती. मान वर न करता म्हणे, "नाई विचारलं. म्हनून आपनही नाई विचाराचं? दुसऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावरची मोहफुलं आपन पुसल्याशिवाय उचलतो का? अर्ज कर. नीट कर."

नोटिशीचं मी तिथंच सोडलं. पुस्तकावर प्रकाशकाचा ईमेल होता, तिथं अर्ज पाठवला. रुखमानं काही लपवलं नाई. आधी विचारायले पाह्यजे होतं, नाई विचारलं, चुकलं. अन् मी सुकवारीची पोरगी, असं साफ लिहलं. सहा दिवस काहीच नाई. ती दिवसातून चारदा दुकानात डोकावे अन् मी उगाच गिऱ्हाइकावर खेकसे.

सातव्या दिवशी वासुदेवरावांच्या नातीनं, रुचिकानं, दोन कागदांचे फोटो पाठवले. आजोबा पंच्याऐंशीचे, अक्षर कापरं. पह्यल्या कागदावर परवानगी होती. रुखमानं बुधवारीची गोष्ट लिहावी अन् पुरी करावी. त्याखाली एक ओळ होती: "कादंबरी संपत नव्हती म्हणून मी तिला मारलं. ते सोपं होतं."

दुसरा कागद सुकवारीच्या नावानं होता. "तुमचं आयुष्य मी न विचारता घेतलं. तुमची परवानगी असेल तर इथे अंगठा द्या. नसेल तर पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार नाही."

पह्यला कागद मी ॲपवाल्यायले पाठवला. दुसरा छापला, शाईचं पॅड उचललं अन् दुकान उघडंच टाकून रुखमाच्या घरी पळाली. ती नुकतीच कामावरून आलती.

वाचून दाखवलं. सुकवारीमायनं कागद हातात घेतला, उलटापालटा केला अन् माझ्याकडं पाहून म्हणे, "का वं पोरी, मेल्या बाईचा अंगठा चालते का कुठं?"

बाप्पा! रुखमाले हसावं का रडावं कळेना. माझ्या डोळ्यांत तर पाणीच आलं, खोटं कायले बोलू.

"आंधी मले घरी आन," म्हातारी रुखमाले म्हणे. "मंग पाहू."

रुखमानं नखातली माती धुतली अन् उंबऱ्यातच बसून लिहलं. दीड तास लागला. आम्ही दोघी समोर बसून होतो. बुधवारी गावच्या वेशीत आली. कुत्र्यानं ओळखलं, भुंकलं नाई. दारात पोरगी उभी होती. ती एवढंच बोलली, "भाकर झाकून ठेवली आहे, माय." भाग टाकला अन् रुखमानं मायले वाचून दाखवला. जरा वेळानं साताऱ्याहून निरोप आला, "आल्या एकदाच्या! रोज वाट पाहत होतो."

म्हातारीनं आपणच अंगठा पॅडवर दाबला, कागदावर उमटवला अन् मले म्हणे, "खाली लिहजो. सुकवारीनं जित्तेपनी देल्ला."