बांधीत टाकलेला गाळ

मूल गावाजवळ आमची धानाची एक बांधी होती, बांध घातलेला शेताचा तुकडा. माती तांबडी, मुरमाड. पाऊस थांबला की दोन दिवसांत पाणी गायब. बायको दर उन्हाळ्यात म्हणायची, "तलाव आटला हाये. गाळ आणून टाका ना." मी हो म्हणायचो आणि टाळायचो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती तापाने गेली. पुढच्या उन्हाळ्यात मी एकटाच बैलबंडी घेऊन तलावात उतरलो.

वाळलेला काळा गाळ खोदायचा, बंडीत भरायचा, बांधीत ओतायचा. दिवसभर बोलायला फक्त बैल. तलावाच्या पाळीवर जाळं विणत बसलेला म्हातारा ढिवर एकदा म्हणाला, "भाऊ, इतका नोको टाकू. धान माजन अन् पडन."

"पडू दे," मी म्हणालो. थांबलो असतो तर घरी जावं लागलं असतं.

त्याचंच खरं झालं. त्या वर्षी बांधीत पाणी टिकलं, धान छातीपर्यंत वाढलं आणि कापणीच्या तोंडावर एका वाऱ्यात आडवं झालं. हाती आलं ते निम्मंच.

दुसऱ्या वर्षी काहीच टाकलं नाही. धान ताठ उभं राहिलं, लोंब्या भरल्या. लोक बांधावर येऊन पाहून गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तलावात बंड्यांची रांग लागली. माणसं एकमेकांना हाका मारत खोदत होती. माझ्या बांधीला आता गाळ नको होता, म्हणून मला कुणी बोलावलं नाही. मी पाळीवर बसून ऊन उतरेपर्यंत त्यांच्याकडे पाहत राहिलो.