मिसरीच्या डबीतली गोळी

भागिरथी मिसरी लावत नाही, तरी मिसरीची डबी कायम तिच्या कमरेला. डबीत असतात डोक्याच्या दवाखान्यातल्या गोळ्या. थोरला मुलगा तापाने गेला तेव्हा ती वर्षभर धड जेवली नाही की बोलली नाही. श्रीगोंद्याजवळच्या त्या गावाने तिला येडी ठरवून टाकलं. असल्या कामात गाव कधी उशीर करत नाही. सातवीतली वृषाली तेवढी आईचा हात धरून एसटीने नगरच्या दवाखान्यात गेली. भागिरथी सावरली, खुरपायला जाऊ लागली, पण गोळी लपूनच घ्यायची.

तीच वृषाली आता अग्निशमन दलाच्या भरतीत उतरली. धावण्यात, दोर चढण्यात पोरांना मागे टाकलं. राहिली मनाची तपासणी. आगीत शिरणाऱ्याचं मन कसं आहे, ते डॉक्टर बोलून पारखतात.

"घरात कुनाला असला आजार हाय का, इचारतील. न्हाई म्हन," पुण्याला जाताना भागिरथीने बजावलं.

वृषाली आत गेली, भागिरथी बाहेर बाकड्यावर बसली. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाईंनी आईलाच आत बोलावलं. पोरीने सगळं सांगून टाकलं होतं.

"गोळी चालू आहे ना, मावशी?"

"व्हय."

"आठवण कोण करतं?"

"हीच. ल्हान हुती तवापासून."

डॉक्टरीणबाईंनी काहीतरी लिहिलं आणि जा म्हणाल्या.

परतीच्या एसटीत भागिरथी फणफणली. "माज्यापायी वाटोळं झालं तुजं! येवढं खोटं बोलता येईना व्हय गं?"

"तू बरी झालीस. त्यात लपवायचं काय?" वृषाली म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून खुशाल झोपली.

महिन्याभराने निवड झाल्याचं कळलं. मग काय विचारता! ज्या गावाने येडी म्हटलं, त्यानेच टेम्पोएवढा फ्लेक्स लावला. संध्याकाळी वस्तीतल्या बुद्धविहारापुढे सत्कार झाला. आईच्या खांद्यावरही शाल पडली. हार घातलेल्या लेकीकडे बघून तिचा ऊर भरून आला होता.

भाषणं लांबली, गोळीची वेळ झाली. सवयीने ती विहाराच्या मागे जायला उठली. पण दोन पावलांवर थांबली, परत येऊन खुर्चीत बसली आणि सगळ्यांदेखत डबी उघडली.

शेजारची लंकाबाई कुजबुजली, "अगं, हितं मिसरी लावतीस?"

"मिसरी न्हाई. डोक्याची गोळी हाय," भागिरथी मोठ्याने म्हणाली. "माज्या लेकीनं चालू केली. पानी दे."

लंकाबाईने मुकाट्याने तांब्या पुढे केला.