बारा माणसं जमेपर्यंत

सिंगापूरच्या त्या लहान बेटावरच्या खेड्यात आम्ही तीन दिवस राहिलो. गाव इतकं शांत, की तिथल्या कोंबडीने कूस बदलली तरी सिंगापूर शहरातल्या आमच्या बुकित पंजांगच्या फ्लॅटपर्यंत ऐकू गेलं असतं. रोज सकाळी बायको दशम्या बांधून घ्यायची आणि आम्ही तिघं भाड्याच्या सायकलींवर झुडपांच्या माळावर भटकायचो. पहिल्या दिवशी एक रानडुक्कर दिसलं. दुसऱ्या दिवशी सांगताना मी ते म्हशीएवढं केलं, तिसऱ्या दिवशी ते हत्तीला दम देत होतं.

"बाबा, सो स्मॉल लाह," दोन हातांत डुकराचं खरं माप दाखवत लेक तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

परतताना धक्क्यावर नाववाल्याने सांगितलं, बारा माणसं जमल्याशिवाय नाव सुटत नाही. आम्ही तिघंच होतो. बाकावर बसलो.

"तीन दिवसांत तुला ऑफिसचा एकही फोन नाही," बायको म्हणाली.

"इथे रेंज कुठे आहे?"

"मी आईशी रोज बोलतेय इथून."

यावर माझ्याकडे डुक्कर नव्हतं.

"नोकरी गेली," मी म्हणालो. "इथं राहायचा पासही रद्द झाला. महिनाभरात देश सोडून निघायचंय."

तिने उरलेली दशमी फडक्यात गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"पण मुलीची शाळा?" एवढंच म्हणाली.

लेक पाण्यात खडे टाकत होती. तिने लांबूनच विचारलं, "बाबा, पुढच्या सुट्टीत परत येऊ या?"

हत्तीला दम देणारं डुक्कर पोसणाऱ्या मला साधं 'हो' म्हणता येईना. नाववाल्याने आम्हाला पुन्हा मोजलं. तिघंच भरलो.